पहिले पोट, मग गुडघा

वाघमारे सिस्टर माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य होतं, "कवा पडली वं?"

चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या त्या अकरा मजली इमारतीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. नवऱ्याची बँकेत बदली, मला सातवा महिना, आणि ओळखीचं म्हणावं असं कुणी नाही. त्या दुपारी भाजी घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तर आत एक उंच, हाडकुळ्या बाई उभ्या. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर पंजाबी सूट, त्यावर नवऱ्याचा असावा असा ढगळ स्वेटर. मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते. फोन ठेवला आणि हा प्रश्न आला. "मी? छे, कुठे काय," मी म्हटलं. त्या लिफ्टच्या आकड्यांकडेच बघत होत्या. "पिशवी डाव्या हातात धरली, उजवा तळवा मिटून ठेवला, अन् उजव्या पायावर भार टाकून नाही राह्यली. सकाळी पडली असशीन. कोठी?"

सकाळी मी खरंच पडले होते. जानेवारीतलं धुकं, समोरचं दिसत नव्हतं, ई-रिक्षातून उतरताना पाय निसटला आणि उजवा गुडघा नि तळवा रस्त्यावर आपटला. कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगावं तर तो त्याच्या आईला सांगणार, त्या डोहाळजेवणाला यायच्या होत्या, मग माझं घराबाहेर पडणंच बंद झालं असतं. सिस्टरनी मला चौथ्या मजल्यावर उतरूच दिलं नाही. सरळ सातव्यावर, स्वतःच्या घरी नेलं.

दिवाणावर डाव्या कुशीवर निजवलं, पाठीला उशी लावली. मी सलवार वर करून गुडघा दाखवायला लागले, रक्तानं कापड चिकटलं होतं. त्यांनी माझा हात बाजूला केला. "गुडघा पळून नाही चालला कोठी. पहिले पोट." मग एकामागून एक प्रश्न. पोटाले लागलं का? आंगावर लाल गेलं का? पाण्यावानी काई? पोट मधामधात दगडावानी कडक होते का? आणि शेवटी, बाळ कवा हललं? सकाळपासून मी पडल्याचं लपवण्यात इतकी गुंतले होते की बाळ हललं की नाही हे मला आठवेना. "हेच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पोटावर तळहात ठेवून बसून राहिल्या. वीसेक मिनिटांनी आतून लाथ बसली. मी रडायला लागले तेव्हा कुठे त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. साबण आणि कोमट पाण्यानं धुतला, त्यातले खडे वेचले, पट्टी बांधली. तळव्याला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिला. दुखलं तरी मनानं गोळी घ्यायची नाही, असं बजावलं. रक्तगट विचारून घेतला. निगेटिव्ह असता तर आणखी एक इंजेक्शन लागलं असतं म्हणे.

मला वाटलं, संपलं. तर त्या चपला घालत होत्या. "चाल दवाखान्यात." मी म्हटलं, "पण बाळ हललं ना!" "हललं. म्हणून आता हसत जाऊ. माहा हात म्हंजे मशीन नाही, पोरी. आतून वार सुटली तर बाहेर रक्त दिसतेच असं नाही." दवाखान्यात माझ्या पोटाला पट्टा बांधून चार तास बाळाचे ठोके ऐकत ठेवलं. सगळं ठीक होतं. जाताना आणि येताना मात्र सिस्टरनी मला जे काही ऐकवलं, ते माझ्या आईनंही मला कधी ऐकवलं नव्हतं. पंजाबी ऑटोवाल्याला मराठी कळत नव्हतं, तरी तो बिचारा आरशातून माझ्याकडे दयेनं बघत होता. "पडली त्यात तुहा गुन्हा नाही. लपवलं हा गुन्हा," हे वाक्य मी त्या दिवशी पाच वेळा तरी ऐकलं असेल.

सिस्टर मूळच्या मूर्तिजापूरच्या. नर्सिंग करून ऐन विशीत चंदीगडच्या एका सरकारी रुग्णालयात लागल्या आणि तीसेक वर्षं त्यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. यजमान केंद्र सरकारच्या कचेरीत होते, ते गेले. सिस्टर निवृत्त झाल्या, क्वार्टर सुटलं, आणि त्या मुलाकडे झिरकपूरला आल्या. मुलगा संदीप डेराबस्सीच्या औषध कंपनीत. जन्म इथलाच, त्यामुळे आई वऱ्हाडीत बोलायची नि तो हिंदीत उत्तर द्यायचा. सून रश्मी नाशिकची, कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. संदीप सोडला तर सिस्टर कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी 'साताऱ्याची', माझी मुलगी जन्मली तेव्हा ती 'साताऱ्याचीची पोट्टी', आणि सून 'नाशिकवाली'.

हिवाळ्यात त्या फाटकाजवळच्या बाकावर उन्हाला बसत. शेजारच्या बांधकामावरच्या मजूर बाया, धुण्याभांड्याला येणाऱ्या पोरी, वॉचमनच्या बायका, सगळ्या त्यांच्या नजरेखालून जात. एखादीचं पोट दिसायला लागलं आणि चालीत जरा फरक पडला की सिस्टर हाक मारत. "सच दस्स पुत्त, किद्दां डिग्गी?" खरं सांग पोरी, कशी पडलीस? त्यांचं म्हणणं असं की गरोदर बाई कधी पडतच नाही. ती घसरते, टेकते, तिला जरासा धक्का लागतो. पडले हा शब्द तिच्या तोंडून काढायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास फार महाग असतो.

त्यासाठी त्या वाटेल तसं बोलत. एकदा एका पोरीला त्यांनी एवढं झापलं की ती घमेलं टाकून रडत बसली. मी म्हटलं, "सिस्टर, जरा गोडीनं विचारलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "गोडीनं इचारलं म्हणून एक गेली माह्या हातची." पिंजौरकडची बाई होती. खाटेवरून पडली होती, पण मागे सासू उभी, म्हणून म्हणाली नुसतं पोट दुखतंय. सिस्टर तेव्हा नव्या होत्या, त्यांनी हसून विचारलं आणि तिच्या नाही म्हणण्यावर विश्वास ठेवला. "बाईच्या मांगं सासू उभी असते. तिच्या भेवानं ते खरं सांगत नाही. मंग आपण सासूहून मोठं भेव व्हा लागते. तवा कोठी तोंड उघडते." तेव्हापासून त्यांनी दोन गोष्टी केल्या. सासवांना पडद्याबाहेर काढायचं, आणि आत राहिलेल्या बाईला दम भरायचा. मला त्या वेळी हे पटलं होतं. मी स्वतःच त्या दमामुळे दवाखान्यात पोचले होते.

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा रश्मीला दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झालेली, त्याआधी दोनदा राहून गेलेलं. सिस्टरचं घर म्हणजे वॉर्ड झाला. स्टुलावर चढायचं नाही. ओल्या फरशीवर जायचं नाही. स्कूटर बंद, क्लासला टॅक्सीनं जायचं. रश्मी न्हाणीघरात गेली की सिस्टर बाहेर उभ्या. एकदा तिचा पाय पायपुसण्यात अडकला, ती पडलीही नाही, तरी तासभर बोलणी खाल्ली. संदीप वैतागून म्हणाला, "आई, वो प्रेग्नेंट है यार, क़ैदी थोड़ी है." सिस्टर म्हणाल्या, "कैद्याले बरं असते, त्याच्या पोटात कोणी नसते." आम्ही सगळे हसलो होतो. रश्मी हसली नव्हती, हे मला आता आठवतं.

आठवा लागला होता. एका शनिवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात रश्मी, कोपर खरचटलेलं, कुर्त्यावर धूळ. टॅक्सी मिळेना, क्लासमध्ये परीक्षा होती, म्हणून तिनं तळघरातली स्कूटर काढली होती. परतताना उतारावर ब्रेक लावला तशी गाडी कलंडली, हॅण्डल पोटाला लागलं आणि ती कुल्ल्यावर बसली. ती सातव्या मजल्यावर गेली नाही, चौथ्यावर उतरली. "ताई, मला पंधरा मिनिटं बसू द्या. आणि प्लीज, आईंना कळता कामा नये. पक्कं सांगा."

मी तिला डाव्या कुशीवर निजवलं. सगळे प्रश्न विचारले, सिस्टरच्याच क्रमानं. रक्त नाही, पाणी नाही, पोट मऊ. डाव्या बाजूला बरगडीखाली रुपयाएवढा लाल डाग होता. मी पोटावर हात ठेवून बसले, आणि बाळानं लाथ मारली. आम्ही दोघी हसलो. मग मी तिचं कोपर धुतलं. खोटं कशाला सांगू, मला त्या घटकेला स्वतःचं कौतुक वाटत होतं. सिस्टरची विद्या आपल्याला आली, असं वाटत होतं. मी एकदा म्हटलं, "चल, दाखवून येऊ." ती म्हणाली, "ताई, तिथल्या निम्म्या सिस्टर आईंच्या हाताखाली शिकल्या आहेत. आपण घरी पोचायच्या आत त्यांना फोन गेलेला असेल." माझी मुलगी झोपेतून उठायची वेळ झाली होती. बाळ हललेलं होतं. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

रविवारी सकाळी नाश्त्याला रश्मीनं कंबर दुखतेय असं सांगितलं. सिस्टरनी पोह्यांचा झारा खाली ठेवला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कवा पडली?" रश्मी म्हणाली, "नाही पडले आई." गाडीत बसतानाही ती तेच म्हणाली. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी रश्मीचा चेहरा पाहिला, सिस्टरकडे पाहिलं, आणि सिस्टरना म्हणाल्या, "मम्मीजी, आप ज़रा बाहर बैठिए." आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या सासवांना पडद्याबाहेर काढलं होतं. पडदा ओढल्यावर दोन मिनिटांत रश्मीनं सगळं सांगितलं, असं मला नंतर कळलं. पण तोवर ठोके नव्हते. वार आतून सुटली होती, रक्त आतल्या आत साठलं होतं.

संदीपनं मला फोन केला. मी पोचले तेव्हा सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. मुलगी होती, असं त्यांनीच मला सांगितलं. मला ते पोटात ठेवता येईना. मी त्यांच्या शेजारी बसून कालचं सगळं सांगून टाकलं, स्कूटर, हॅण्डल, तो लाल डाग, सगळं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुले सांगतलं तिनं?"

"हो."

"मले काहून नाही?"

मी म्हटलं, "तुमची भीती वाटली तिला."

त्यांनी मान हलवली. समोरून एक नर्स गेली, तिनं यांना ओळखून नमस्कार केला, यांनी केला नाही. मग त्या म्हणाल्या, "मीच झाली त्या पिंजौरवालीची सासू." नंतर विचारलं, "पट्टा लावाले नेलं नाही?" मी नाही म्हटलं. बाळ हललं होतं, असंही म्हटलं. त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि संदीपला शोधायला उठल्या. मी वाट बघत होते की आता त्या मला फाडून खातील. तसं काहीच झालं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कल लाते तो भी पक्का नहीं कह सकते. हे वाक्य मला घरात सगळ्यांनी ऐकवलं. नवऱ्यानं तर अनेकदा. मी ते ऐकते आणि चौथ्या मजल्यावरची ती पंधरा मिनिटं पुन्हा मोजते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सिस्टर बाकावर बसत, पण उन्हाकडे पाठ करून. एखादी पोर लंगडत गेली तरी हाक मारत नसत. कुणी आपणहून विचारलं तर खाली बघत म्हणत, "डॉक्टरकडे जा बेटा." आवाज इतका हळू की पोरींना दोनदा विचारावं लागे. घरात त्या रश्मीशी बोलत, पण परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखं, जपून. मीठ जास्त झालं, दूध उतू गेलं, काही झालं तरी एक अक्षर नाही. रश्मी मला म्हणाली, "ताई, त्या ओरडायच्या तेव्हा मला घर सोडून जावंसं वाटायचं. आता त्या ओरडत नाहीत, तर मला झोप लागत नाही."

दीड वर्षानं रश्मीला पुन्हा दिवस राहिले. तिसरा महिना संपला त्या आठवड्यात सिस्टर माझ्याकडे आल्या. चहा घेतला. म्हणाल्या, "मी मूर्तिजापूरले चालली. भावाची खोली रिकामी आहे." मी म्हटलं, आत्ता? आत्ताच तर तुमची गरज आहे. त्या म्हणाल्या, "मी असली तर ते पडली तरी सांगणार नाही. मी नसली तर सांगीन. तुले सांगीन, संदीपले सांगीन, खालच्या वॉचमनले सांगीन. कोणाले बी सांगतलं तरी चालते." मी खूप समजावलं. तुम्ही आता पूर्वीसारख्या कुठे राहिल्या आहात, असंही म्हटलं. त्यांनी कप विसळून पालथा घातला. "तिच्या मनात मी तशीच आहो. थे काई दीड वर्षात जात नाही."

संदीप चिडला, रश्मी रडली, पण त्या थांबल्या नाहीत. स्टेशनवर रश्मी पाया पडायला वाकू लागली तेव्हा त्यांनी तिला खांद्याला धरून सरळ उभं केलं. "वाकू नोको. अन् मी रागानं नाही चालली, हे ध्यानात ठेवजो." गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून फलाटावरच्या लोकांच्या पायांकडे बघत बसल्या होत्या.

सातव्या महिन्यात रश्मी न्हाणीघरात घसरली. संदीप डेराबस्सीला, मी तीन मजले खाली. तिनं तिथेच फरशीवर बसून मूर्तिजापूरला फोन लावला. "आई, मी पडले." नंतर मी तिला विचारलं, अगं, मी इतकी जवळ असताना तिकडे कशाला केलास? ती म्हणाली, "त्यांना आधी कळायला हवं होतं, ताई." फोनवर सिस्टरनी अगदी हळू एकेक गोष्ट विचारली म्हणे. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "सांगतलं, लय बरं केलं. आता साताऱ्याचीले घेऊन दवाखान्यात जाय." मी तिला घेऊन गेले. पट्टा बांधून सहा तास ठेवलं. दर अर्ध्या तासानं माझा फोन वाजायचा. मी म्हणायची, ठीक आहे सिस्टर, ठोके चांगले आहेत. त्या "हं" म्हणायच्या आणि ठेवायच्या.

मुलगा झाला. सिस्टरनी त्याला फोनच्या पडद्यावर पाहिलं. यायला सांगितलं की म्हणत, थंडी सरू दे. मग ठरलं की होळीला ही तिघंच तिकडे जातील. त्याच्या दहा दिवस आधी, दुपारचं जेवण करून त्या पडवीत आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. संदीप नागपूरमार्गे गेला आणि सगळं उरकून आला. आल्यावर माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "दीदी, मामा बता रहे थे, उस दिन फ़ोन रखकर आई बहुत रोई थीं. पहली बार." कुठला दिवस ते त्याला सांगावं लागलं नाही.

रश्मीजवळ तो एक फोन आहे. कधी फार वाईट वाटलं तर ती स्वतःला सांगू शकते की दुसऱ्या वेळी मी त्यांनाच सांगितलं. माझ्याजवळ तसं काही नाही. त्या रविवारनंतर मी दोन-तीनदा विषय काढला होता. सिस्टर, त्या दिवशी मी तिला न्यायला हवं होतं, असं सरळ म्हटलं होतं. दर वेळी त्या चहा टाकायला उठायच्या. अनोळखी बायकांना भर रस्त्यात फैलावर घेणारी ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलायला हवी होती. तिचा तो हक्क होता आणि मला त्याची गरज होती. घरचे सगळे म्हणतात, तुझा काय दोष. डॉक्टरही तेच म्हणाल्या. तू चुकलीस, असं मला अजून कुणीही म्हटलेलं नाही.